शब्दव्यवहार : दवंडी कोणी पिटायची?

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलांना समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला देतात. ‘मोठ्याने जाहीर करणे’ या अर्थाच्या शब्दांची अशीच एक रांग असते : अनाउन्स, डिक्लेअर, प्रोक्लेम, पब्लिश, हेराल्ड, ट्रम्पेट. मूल रांग पाठ करते आणि निबंध लिहिताना त्यांतला जो शब्द अधिक भारदस्त दिसेल तो उचलते. मग ‘आजीने स्वयंपाक तयार असल्याचे प्रोक्लेम केले’ अशा अर्थाचे वाक्य वहीत अवतरते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चुकलेले नसते, म्हणून बाईही बरोबरची खूण करून पुढे जातात. घरी कोणाला शंका आलीच आणि त्याने इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर या साऱ्या शब्दांपुढे ‘जाहीर करणे, घोषित करणे’ हेच दोन अर्थ आलटून पालटून सापडतात. कोशाचा निर्वाळा मिळाला की शंका मिटते आणि आजी स्वयंपाकघरातून प्रोक्लेम करीतच राहते.

आजीच्या बाबतीत यात बिघडत काहीच नाही. पण हेच शब्द पुढे भागभांडवलाच्या कागदांत, न्यायालयाच्या आदेशांत, बँकेच्या नोटिशीत आणि भागीदारीच्या करारात भेटतात. तिथे एकाच्या जागी दुसरा शब्द धरून चालले तर पैशाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून या रांगेतला एकेक शब्द वेगळा काढून पाहण्यासारखा आहे.

प्रथम प्रोक्लेम. लॅटिनमध्ये ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणे आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर. लोकांच्या पुढे उभे राहून ओरडून सांगणे हा मूळ अर्थ. याच क्लामारेच्या घराण्यात एक्सक्लेम आहे, क्लॅमर म्हणजे गलका आहे, आणि व्यापाऱ्याच्या रोजच्या तोंडातला क्लेमही आहे. मालाचे नुकसान झाल्यावर विमा कंपनीकडे जो क्लेम दाखल होतो, तोही मुळात एक आरडाओरडाच. (कंपनीकडून पैसे यायला लागणारा वेळ पाहता हा मूळ अर्थ पुष्कळांना पटेल.) मात्र प्रोक्लेम करणाऱ्याचा आवाज नुसता मोठा असून भागत नाही. त्याच्या मागे अधिकार असावा लागतो. राजा, न्यायालय, राष्ट्रपती यांची प्रोक्लमेशन होते. दुकानदाराचा सेल प्रोक्लेम होत नाही, तो अनाउन्स होतो.

अधिकारवाणीचा हा अर्थ इंग्लंडात अजून जिवंत आहे. राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी निवर्तली. तिथल्या कायद्याप्रमाणे त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला. त्यासाठी कोणी काही बोलण्याची आवश्यकता नव्हती. तरीही १० सप्टेंबरला लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्याच्या सज्जात तुताऱ्या वाजल्या आणि राजाचे नाव मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. पाठोपाठ तेच वाचन शहराच्या व्यापारी भागात, रॉयल एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर झाले. शतकानुशतके जिथे व्यापारी जमत, तिथे नवा राजा कोण हे कानी घातल्याशिवाय ते काम पुरे झाले असे मानत नाहीत. झालेली गोष्ट सर्वांना कळली, आता ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब चालणार नाही, असा त्या वाचनाचा व्यवहारी अर्थ आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध प्रोक्लमेशन १ नोव्हेंबर १८५८ चे. त्या दिवशी अलाहाबाद येथे लॉर्ड कॅनिंगने व्हिक्टोरिया राणीचे वचनपत्र वाचून दाखवले आणि कंपनी सरकार जाऊन राणीचे सरकार आले. मराठी इतिहासग्रंथांत ते ‘राणीचा जाहीरनामा’ म्हणून ओळखले जाते. आज निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा निघतो, त्यामुळे त्या शब्दाचे मोल घटले. पण १८५८ मध्ये त्याला वजन होते. सरकारी नोकरीत वंशाचा व धर्माचा भेद केला जाणार नाही, असे आश्वासन त्यात होते. दादाभाई नवरोजींसारख्या मवाळ पुढाऱ्यांनी पुढची कित्येक दशके ते आश्वासन सरकारपुढे धरले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती राणीच्या सहीची हुंडी होती आणि दादाभाईंसारखी मंडळी ती वटवून मागत होती. चारचौघांत, अधिकाराने वाचलेला शब्द वाचणाऱ्यालाही बांधून ठेवतो, तो असा.

आपल्याकडे या जातीचा एक जुना शब्द आहे : पडह. संस्कृत पटह म्हणजे नगाऱ्यासारखे वाद्य. प्राकृतात त्याचा पडह झाला. प्राकृत कथांमध्ये राजाला नगरात काही कळवायचे असले की तो पडह वाजवून घोषणा करवितो. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाल राजाने हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने जी अमारिघोषणा केली, ती याच प्रकारची. उपदेश आचार्यांचा होता, पण घोषणा राजाची होती. कारण मोडणाऱ्याला जाब विचारण्याची शक्ती राजाजवळ होती. घोषणेतला ‘घोष’ आणि प्रोक्लेममधला ‘क्लेम’ यांचा मूळ अर्थ एकच, मोठा आवाज.

आता डिक्लेअर. याच्या पोटात ‘क्लारुस’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट हा शब्द आहे. डिक्लेअर करणे म्हणजे संदिग्ध असलेले स्पष्ट करणे. त्यासाठी ओरडण्याचीही आवश्यकता नाही. विमानतळावर सीमाशुल्काच्या खिडकीशी प्रवासी हलक्या आवाजात सोन्याचे वजन सांगतो, तेही डिक्लेरेशनच. अधिकार नसला तरी चालतो, पण सांगणाऱ्याने स्वतःला त्यात बांधून घेतलेले असते. अमेरिकेच्या इतिहासात हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसतात. १७७६ मध्ये तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी नाते तोडले, ते डिक्लरेशन. ते लिहिणाऱ्यांच्या हाती त्या वेळी मान्यताप्राप्त सत्ता नव्हती; राजाच्या दृष्टीने ते बंडखोर होते आणि हरले असते तर फासावर जाण्याची शक्यता होती. १ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त केले, ते प्रोक्लमेशन. कारण ते राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती या नात्याने बोलत होते.

याला एक विलक्षण अपवाद आहे, आणि तो अपवाद शब्दाचा अर्थ अधिकच उजळ करतो. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीबाहेर पॅट्रिक पीअर्स यांनी आयरिश प्रजासत्ताकाचा कागद वाचला. हातात सत्ता नव्हती, पण कागदाला नाव दिले होते प्रोक्लमेशन. आम्ही मागणी करीत नाही, आम्हीच इथले सरकार आहोत, असा तो पवित्रा होता. आठवडाभरात उठाव चिरडला गेला. त्या कागदावर ज्या सात जणांची नावे होती त्या सातही जणांना गोळ्या घालण्यात आल्या. एका शब्दाच्या निवडीत केवढा दावा भरलेला असतो, याचे इतके कठोर उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

डिक्लेअरचे घरगुती उदाहरण क्रिकेटचे. मार्च २००४ मध्ये मुलतानच्या कसोटीत भारताच्या ५ बाद ६७५ धावा झाल्या असताना प्रभारी कर्णधार राहुल द्रविड यांनी डाव घोषित केला. सचिन तेंडुलकर तेव्हा १९४ धावांवर नाबाद होते. निर्णय योग्य की अयोग्य यावर त्या काळी घराघरांत तंटे झाले आणि काही घरांत ते अद्याप मिटलेले नाहीत. भाषेच्या दृष्टीने एवढेच पाहावे की कर्णधाराने डिक्लेअर केले की उरलेल्या गड्यांची फलंदाजी त्याने आपण होऊन सोडलेली असते. सहा धावांसाठी शब्द परत घेता येत नाही.

हाच शब्द लाभांशाच्या बाबतीत फार सैल वापरला जातो. कंपनीचे संचालक मंडळ वर्षअखेरीच्या लाभांशाची शिफारस करते, त्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘कंपनीने लाभांश जाहीर केला’ असा मथळा येतो. वस्तुतः त्या दिवशी मंडळाने केवळ शिफारस केलेली असते आणि ती अनाउन्स केलेली असते. लाभांश डिक्लेअर होतो तो वार्षिक सर्वसाधारण सभेत, भागधारकांच्या मान्यतेने. त्यांना शिफारशीपेक्षा कमी ठरवता येते, अधिक ठरवता येत नाही. (अंतरिम लाभांशाची गोष्ट वेगळी, तो मंडळच डिक्लेअर करते.) एकदा डिक्लेअर झाला की ते कंपनीचे भागधारकाला देणे होते, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ते ३० दिवसांत चुकवावे लागते. मथळ्यातल्या ‘जाहीर’ या एका शब्दाने ही दोन वेगळी पावले पुसून टाकली. घरातले वडीलधारे अशा मथळ्यावर विसंबून खर्चाचा आराखडा मांडत असतील, तर त्यांना हा फरक कोणीतरी सांगितलेला बरा.

अनाउन्स हा या रांगेतला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी शब्द. त्यात ‘नुन्तिउस’ म्हणजे निरोप्या दडलेला आहे. निरोप्याने निरोप पोचवायचा. त्यात त्याचा अधिकारही नसतो आणि त्याचे स्वतःचे काही पणालाही लागत नाही. रेल्वे फलाटावर गाडी येण्याची सूचना देणारी बाई गाडी आणत नाही आणि उशीरही करीत नाही. साखरपुडा, दुकानाचे स्थलांतर, परीक्षेचे निकाल हे सारे अनाउन्स करण्याचे विषय. शंका असेल तिथे हाच शब्द वापरला तर शंभरांत नव्वद वेळा चुकत नाही. आजीसाठीही हा पुरेसा आहे, किंवा त्याहून साधे ‘सांगितले’.

प्रोक्लेम आणि अनाउन्स एकाच घटनेत, काही तासांच्या अंतराने, वेगवेगळे पाहायचे असतील तर २५ जून १९७५ ची रात्र आठवावी. आणीबाणीच्या प्रोक्लमेशनवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्या रात्री सही केली. मोठ्याने कोणीच काही बोलले नव्हते, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ खालील ती उद्घोषणा होती. देशाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या आकाशवाणीवरील भाषणातून. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात अशा ठिकाणी ‘घोषणा’ न वापरता ‘उद्घोषणा’ हा शब्द योजला आहे, तो योग्यच आहे. घोषणा मोर्च्यातही दिल्या जातात.

हेराल्ड आणि ट्रम्पेट यांच्यासाठी फार जागा खर्च करण्याचे कारण नाही. हेराल्ड म्हणजे राजाच्या पुढे चालून त्याचे आगमन पुकारणारा, आपला भालदार-चोपदार. म्हणूनच तो वर्तमानपत्रांना नाव म्हणून आवडला. गोव्यात १९०० मध्ये निघालेले ‘ओ हेराल्दो’ हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. क्रियापद म्हणून तो आता ‘नांदी ठरणे’ या अर्थी येतो. ट्रम्पेट मात्र जपून वापरावा. तुतारी फुंकणे मराठीत गौरवाचे आहे, इंग्रजीत ट्रम्पेट हे क्रियापद बहुधा कुत्सितपणे येते. त्याला मराठीत नेमका शब्द आहे तो टिमकीचा : स्वतःची टिमकी वाजवणे. एखाद्या सत्कारपत्रिकेत ‘त्यांनी आपले यश ट्रम्पेट केले’ असे कोणी कौतुकाने लिहून बसला, तर सत्कारमूर्तीला इंग्रजी फारसे येत नसावे एवढीच प्रार्थना करावी.

मराठी याबाबतीत मुळीच गरीब नाही. उलट आवाज कोणाचा आणि कशासाठी, यावरून तिने शब्द वाटून दिले आहेत. दवंडी पिटली जाते गावाच्या वतीने. डांगोराही एके काळी तसाच होता, पण आता तो आपल्याच मोठेपणाचा पिटला जातो. आरोळी फेरीवाल्याची, पुकारा न्यायालयाच्या शिपायाचा, ललकारी चोपदाराची, हाकाटी संकटात सापडलेल्याची. गवगवा होतो तो बहुधा इतरांनी केलेला, आणि बोभाटा होतो तेव्हा कोणाची तरी अब्रू गेलेली असते. कोशाने या सगळ्यांना ‘जाहीर करणे’ या एकाच गोणीत भरले. त्या ‘जाहीर’चे मूळ अरबीत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारे असा आहे, आवाजाशी त्याचा संबंध नाही.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने यांत सर्वांत मौजेचा शब्द लिलाव. इंग्रजी ऑक्शनचे मूळ ‘वाढवणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, म्हणजे इंग्रजांनी किमतीकडे पाहून नाव ठेवले. आपला लिलाव मात्र पोर्तुगीजांकडून, त्यांच्या ‘लेइलांव’पासून आला आणि त्यांनी तो अरबांकडून घेतला, अरबीतला मूळ शब्द ‘कळवणे, जाहीर करणे’ या अर्थाचा आहे, असे कोशकार मानतात. म्हणजे ‘लिलाव पुकारणे’ यात पुकारणे दोनदा आले. मंदिरातील बोलीही ‘बोल’ण्यावरूनच ओळखली जाते.

हे पुकारणे केवळ गोंगाटासाठी नव्हते. धान्याच्या, गुळाच्या बाजारांत पूर्वी रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत होती. त्याला हत्ता पद्धत म्हणत. घेणारा आणि अडत्या यांना भाव कळे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाच्या हालचाली पाही. नियंत्रित बाजार समित्या आल्यावर उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो यासाठी की आकडा हवेत उच्चारला गेला की तो सर्वांचा होतो. मुंबईच्या शेअर बाजारातही १९९५ पर्यंत रिंगणात उभे राहून ओरडूनच भाव सांगितले जात. इंग्रजीत त्याला ओपन आउटक्राय म्हणतात. संगणक आल्यावर ओरडणे थांबले, पण भाव सर्वांना एकाच वेळी दिसण्याची व्यवस्था राहिली. जाहीर या शब्दाचा मूळ अर्थ अशा रीतीने परत आला म्हणायचा.

कायद्याच्या पुस्तकांत तर ढोल अजून वाजतो आहे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून आदेश २१ मधील नियम ५४ पाहावा. स्थावर मालमत्ता जप्त केल्याचा आदेश त्या मालमत्तेवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीने उद्घोषित करावा, असे त्यात म्हटले आहे. लिलावाची उद्घोषणाही तशीच, आणि ती त्या न्यायालयाच्या भाषेत करायची. फरारी आरोपीबद्दलची उद्घोषणा तो राहत असलेल्या गावात किंवा शहरात दर्शनी जागी सर्वांसमक्ष वाचली जाते आणि त्याला हजर होण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ८२ मधील ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ८४ म्हणून कायम आहे. बँकांसाठी २००२ मध्ये जो वसुलीचा कायदा झाला, त्यात ढोलाची जागा वर्तमानपत्राने घेतली. तारण मालमत्तेचा ताबा घेतल्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते, आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. त्या छापील मजकुरातही ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात सापडते, तेव्हा दवंडीवाल्याचा गळा ओळखू येतो.

अशा नोटिशीची व्यापारी घराला वाटणारी धास्ती समजण्यासारखी आहे. पेढीची पत तिच्या नावावर उभी असते, आणि ते नाव वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत छापून आले की ज्याचे पाच रुपये येणे आहेत तोही दारात येतो. काही महापालिकांनी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून कर वसूल केला, तेव्हा कर भरला गेला तो बँड थांबावा म्हणून. या धास्तीतूनच ‘बोभाटा नको’ हा व्यापारी घरांचा जुना शिरस्ता पडला. दान गुप्त, तोटा गुप्त, भावाभावांतील मतभेद तर त्याहून गुप्त. टिमकीच्या बाबतीत हा शिरस्ता शोभून दिसतो. पण जिथे कायद्याला दवंडीच हवी असते, तिथेही घरे तोच शिरस्ता चालवतात आणि अडचणीत येतात.

तीन भावांची एक भागीदारी पेढी आहे, असे समजू. मधल्या भावाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला. भाऊ-वहिनींनी त्याच्याकडे राहायचे ठरवले. बैठक बसली, थोरल्यांनी हिशेब मांडला, मधल्याचा वाटा काढून दिला, निवृत्तीच्या लेखावर तिघांच्या सह्या झाल्या. डोळे पाणावले, जेवणे झाली, आणि बाहेर कोणाला काही सांगायचे नाही असे सर्वानुमते ठरले. भाऊ वेगळे झाले असे बाजारात व्हायला नको. चार वर्षांनी पेढी बुडीत निघाली. तेव्हा एक जुना पुरवठादार, ज्याने या चार वर्षांतच माल उधार दिला होता, तो पुण्याच्या भावाकडेही पैसे मागू लागला. भावाने लेख दाखवला. पुरवठादार म्हणाला, हा लेख तुमच्या घरातला. मला कोणी कळवले?

१९३२ चा भागीदारी कायदा या पुरवठादाराच्या बाजूचा आहे. त्याच्या कलम ३२ प्रमाणे भागीदार निवृत्त झाला तरी निवृत्तीची सार्वजनिक नोटीस दिली जाईपर्यंत पेढीने केलेल्या व्यवहारांसाठी तो तिऱ्हाइताला जबाबदार राहतो. हा भाऊ भागीदार होता हे ज्याला मुळी ठाऊकच नव्हते, अशा तिऱ्हाइतापुरती त्याला सूट आहे. पण तीस वर्षे ज्याच्याशी व्यवहार केला तो पुरवठादार त्या सुटीत बसत नाही. निवृत्तीपूर्वीच्या देण्यांचा प्रश्न तर आणखी वेगळा. ती देणी धनकोच्या संमतीने करार झाल्याशिवाय सुटत नाहीत. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजपाशी झालेल्या त्या वाचनाचे मर्म इथे कळते. भाऊ घरच्यांसाठी निवृत्त झाला होता, बाजारासाठी झाला नव्हता.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर होते. अज्ञान मुलाला पेढीच्या नफ्यात सहभागी करून घेता येते आणि पुष्कळ घरांत तसे करतातही. तो सज्ञान झाला की, किंवा आपल्याला असे सहभागी केले आहे हे त्याला त्यानंतर कळले असेल तर तेव्हापासून, सहा महिन्यांच्या आत त्याने भागीदार होणार की नाही हे सार्वजनिक नोटिशीने कळवायचे असते. कलम ३० तसे सांगते. मुलगा अठरा वर्षांचा होतो तेव्हा महाविद्यालयातील प्रवेशाच्या धांदलीत असतो. नोटिशीची आठवण कोणाला नसते. सहा महिने उलटले आणि तो गप्प राहिला, तर तो आपोआप पूर्ण भागीदार होतो, आणि ज्या दिवशी त्याला नफ्यात घेतले त्या दिवसापासूनच्या पेढीच्या देण्यांना जबाबदार होतो. दुसरीकडे कुठे मौन ही संमती मानली जावो न जावो, इथे ते भागीदारीपत्रावरील सहीइतके पक्के आहे.

सार्वजनिक नोटीस म्हणजे काय, हेही कायद्याने मोघम ठेवलेले नाही. ओळखीच्या चार व्यापाऱ्यांना फोन करणे किंवा पेढीच्या फळीवरचे नाव रंगवून टाकणे पुरत नाही. कलम ७२ प्रमाणे नोंदणीकृत पेढी असेल तर भागीदारी निबंधकांना कळवायचे, शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करायचे, आणि पेढीचे ठिकाण ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात छापायचे. नोंदणी नसेल तर निबंधकांकडे जाण्याचे कारण नाही, बाकीच्या दोन गोष्टी मात्र कराव्याच लागतात. मजकूर चार ओळींचा : पेढीचे नाव व पत्ता, निवृत्त होणाऱ्याचे नाव, निवृत्तीची तारीख, आणि त्या तारखेनंतरच्या व्यवहारांशी त्याचा संबंध राहिलेला नाही एवढे निवेदन. कारण लिहिण्याची सक्ती नाही, त्यामुळे बोभाट्याची भीतीही फारशी नाही. आणि ही नोटीस पेढीत उरलेल्यांनीच दिली पाहिजे असे नाही. निवृत्त झालेल्याने स्वतः दिली तरी ती चालते. मधल्या भावाला ती पुण्याहूनही देता आली असती.